नागपूरचा झिरो माइल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली जिल्ह्यातून नागपूरला जाणाऱ्यांची कारणे बहुधा ठरलेली असतात: दीक्षाभूमी, दवाखाना, नाहीतर हिवाळी अधिवेशनावरचा मोर्चा. विधानभवनाच्या परिसरात गेले की झिरो माइलचा वालुकाश्माचा उंच खांब आणि त्याच्या शेजारचे चार घोड्यांचे पुतळे दिसतात. मग सोबतचा कुणीतरी माहिती पुरवतो, "हा भारताचा मध्य. देशातल्या सगळ्या रस्त्यांची अंतरे इथूनच मोजतात." अशी माहिती पाठ्यपुस्तकाच्या थाटात सांगितली जाते आणि ऐकणारा ती गावी येऊन पुढे सांगतो. त्यातले खरे किती, ते पाहू.

गैरसमज १: देशातील सर्व रस्त्यांची अंतरे झिरो माइलपासून मोजली जातात.

वस्तुस्थिती: याचे उत्तर खांबावरच कोरलेले आहे. तिथे हैदराबाद ३१८ मैल, रायपूर १७४, जबलपूर १७०, चांदा १२५, बैतुल १०१, छिंदवाडा ८३, शिवनी ७९ अशी अंतरे वाचायला मिळतात. दिल्ली, मुंबई, कोलकाता यांचा तिथे पत्ता नाही. नागपूर ब्रिटिश काळात मध्य प्रांताची राजधानी होती आणि यादीतली बहुतेक गावे त्याच प्रांतातली आहेत. म्हणजे हा राजधानीपासून आसपासच्या मुख्य ठिकाणांचा अंतरफलक होता. हिंगोलीकरांनी त्यातला हैदराबादचा आकडा जरूर पाहावा. ३१८ मैल म्हणजे सुमारे ५१२ किलोमीटर. सप्टेंबर १९४८पर्यंत आपला मुलूख त्याच हैदराबाद संस्थानात होता.

मुंबईचा शून्य तर वेगळाच होता. ब्रिटिश काळातले तिथले मैलाचे दगड फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले आहेत.

गैरसमज २: आपल्याकडच्या किलोमीटरच्या दगडांची मोजणीही नागपुरातून सुरू होते.

वस्तुस्थिती: प्रत्येक रस्त्याचा शून्य त्याचा स्वतःचा असतो. हिंगोली शहरावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ अधिकृतपणे अकोल्याजवळ सुरू होतो आणि वाशिम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत तेलंगणात संगारेड्डीजवळ संपतो. कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर त्याला ३६१ क्रमांकाचा महामार्ग भेटतो. यवतमाळ, वर्धामार्गे नागपूरकडे नेणारा हाच रस्ता. पण त्याचा आरंभ तुळजापूरजवळ आहे आणि शेवट बुटीबोरीला. तिथे तो ४४ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो, नागपूर शहरात शिरतही नाही.

या क्रमांकांतही एक ओळख दडलेली आहे. २०१०मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा मुख्य मार्गाच्या शाखांना तीन आकडी क्रमांक दिले गेले. १६१ आणि ३६१ या ६१ क्रमांकाच्या शाखा आहेत. तो मूळ ६१ परभणीहून वसमतमार्गे नांदेडला जातो, म्हणजे तोही आपल्याच जिल्ह्यातून.

गैरसमज ३: झिरो माइल हा भारताचा नेमका भौगोलिक मध्य आहे.

वस्तुस्थिती: हा समज अखंड भारताच्या नकाशाच्या आधाराने पसरला. १९४७नंतर नकाशा बदलला, समज मात्र कायम राहिला. मुळात देशाचा मध्य काढायचा कसा, याचेच एक उत्तर नाही. बेटे धरायची की नाही, क्षेत्रफळाचा तोल काढायचा की टोकांमधला मध्य घ्यायचा, यावर बिंदू सरकतो. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाचाही याच मानावर दावा आहे. नागपूर देशाच्या मधल्या भागात आहे आणि देशाचे उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, एवढे निर्विवाद म्हणता येते.

गैरसमज ४: भारताची मोजणी इंग्रजांनी इथूनच सुरू केली.

वस्तुस्थिती: ज्या मोजणीमुळे हा समज झाला, ती म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजेच 'जीटीएस'. ती विल्यम लॅम्ब्टनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुरू केली. तिचा कणा असलेली दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी बिदरकडून अचलपूरच्या दिशेने गेली. नकाशा उघडला की लक्षात येते, ही रेषा नागपूरपेक्षा हिंगोलीला जवळ आहे. लॅम्ब्टन मात्र नागपूरकडे निघाला असताना जानेवारी १८२३मध्ये वाटेतच वारला. त्याची कबर वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला आहे.

गैरसमज ५: उंच खांब महत्त्वाचा, शेजारचा छोटा दगड किरकोळ.

वस्तुस्थिती: शास्त्राच्या दृष्टीने हा छोटा दगडच मोलाचा. त्यावर 'जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क' आणि १९०७ हे वर्ष कोरलेले आहे. बेंच मार्क अंतर सांगत नाही, उंची सांगतो. समुद्राची सरासरी पातळी शून्य धरून तिथून टप्प्याटप्प्याने उंची मोजत सर्वेक्षक देशाच्या आतपर्यंत येत आणि अशा पक्क्या खुणा ठेवत. भारताचे हे उंचीचे जाळे नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर बेतून १९०९मध्ये जुळवले गेले. नागपूरच्या या ठिकाणाची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर नोंदलेली आहे. कालवा, धरण किंवा रेल्वेमार्ग आखताना पाणी कुठून कुठे वाहील, चढ किती लागेल, हे ठरवायला अशाच खुणांचा आधार लागतो. म्हणजे इथला खरा शून्य समुद्रकाठी आहे!

गैरसमज ६: प्रत्येक देशात असा एकच अधिकृत शून्य असतो.

वस्तुस्थिती: काही ठिकाणी असतो. स्पेनमध्ये माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातून निघणाऱ्या मुख्य रस्त्यांची मोजणी तिथल्या फरशीपासून होते. अमेरिकेत १९२३मध्ये वॉशिंग्टनला देशभरच्या रस्त्यांसाठी म्हणून शून्य मैलाचा दगड बसवला. प्रत्यक्षात तो वॉशिंग्टनच्या आसपासच्या रस्त्यांपुरताच उरला. मोठ्या देशात शेकडो रस्ते शेकडो ठिकाणी सुरू होतात, त्यामुळे सोय पाहिली तर प्रत्येकाला वेगळा शून्य देणेच बरे.

मग पाहायला जावे का?

अवश्य जावे. नागपूरच्या वारसा यादीतले हे पहिल्या श्रेणीचे स्थळ आहे. २०२१पासून 'झिरो माइल फ्रीडम पार्क' हे मेट्रो स्थानक जवळच झाले आहे आणि ते सीताबर्डीच्या पुढचेच आहे. घोड्यांसोबत फोटो काढून परतू नका. खांबावरची गावे आणि मैल वाचा, मग छोट्या दगडापाशी जाऊन १९०७चा लेख पाहा.

आणि परतीच्या वाटेवर रस्त्याकडेच्या दगडांकडेही नजर ठेवा. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्याचा राज्य महामार्गाचा. त्यावरचा किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवण्याची सवय लावून घ्या. रात्री वारंग्याच्या पुढे गाडी बंद पडली किंवा अपघात दिसला, तर राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ क्रमांकावर किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८वर "इथेच, त्या धाब्याच्या पुढे" असे सांगून भागत नाही. महामार्गाचा क्रमांक आणि जवळच्या दगडावरचा किलोमीटर सांगितला, तर मदत नेमक्या जागी पोहोचते.