डॉक्टर किती दिवसांचे?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण झाली की राज्यातल्या डॉक्टरांना एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते. विद्यार्थ्यांच्या भाषेत हा ‘बॉण्ड’. नेमणूक राधानगरी किंवा गगनबावड्याला मिळाली तर कोल्हापुरातले घर सुटकेचा निःश्वास टाकते. गडचिरोली किंवा मेळघाट मिळाले तर मात्र घर गप्प होते. महाराष्ट्र एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी नागपूरला पोहोचवते. तिथून भामरागडला जायला आणखी तीनशे किलोमीटरहून अधिक रस्ता. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद. तिथे आपले मूल राहणार कसे, हा आईवडिलांचा प्रश्न असतो आणि तो रास्तच आहे.

तिथल्या माणसाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. हे डॉक्टर किती दिवसांचे?

या प्रश्नामागे अनुभव आहे. गर्भारपण नऊ महिन्यांचे, क्षयरोगाचा साधा औषधोपचार सहा महिन्यांचा आणि सिकलसेल तर जन्मभराचा. वर्षभरासाठी आलेल्या डॉक्टरला भाषा थोडी उमगू लागते, पाड्यावरची माणसे ओळखीची होतात, तोवर निघायची वेळ येते. मग नवे डॉक्टर येतात आणि रुग्णाला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, तीही परक्या भाषेत. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, मेळघाटात कोरकू. दोन-तीन डॉक्टर असे बदलले की माणूस सांगणेच सोडून देतो.

यावर सर्वांत सोपे उत्तर म्हणजे कायमचे राहणे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ते दिले. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि या दांपत्याने माडिया भाषा शिकून तिथेच आयुष्य काढले. मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे यांची वाट थोडी निराळी. काही काळ तिथे काम केल्यावर आपले शिक्षण अपुरे पडते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. ते एमडी करायला परत गेले आणि पुन्हा बैरागडला आले, या वेळी डॉ. स्मिता यांच्यासह. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांची पहिली खेप जणू त्यांच्याच शिक्षणासाठी होती; कोणत्या ज्ञानाची उणीव आहे, हे त्यांना बैरागडने शिकवले.

पण प्रत्येक जण आमटे किंवा कोल्हे होणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. कुणाला पुढे शिकायचे असते, कुणाच्या घरी वृद्ध आईवडील असतात. मग वर्षभराच्या खिदमतीला काहीच मोल नाही का?

त्याचे उत्तर गडचिरोलीतच सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी लोकांचे ऐकून घेतले. दवाखान्याची भीती का वाटते, असे विचारल्यावर आदिवासींनी सांगितले, की पांढरे कापड आम्ही मेलेल्या माणसावर घालतो आणि तुमचे डॉक्टर, नर्स तेच अंगावर घालून फिरतात. मग दवाखाना झोपड्यांसारख्या इमारतींत उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पुढे गावातल्याच स्त्रियांना घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचा अहवाल आला. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. ज्यांच्या हाती हे ज्ञान गेले, त्या बाया गाव सोडून जाणाऱ्या नव्हत्या. खरे बळ त्यातच होते.

ऑस्ट्रेलियातही हाच पेच आहे. विमानाने दुर्गम भागात डॉक्टर पोहोचवणारी सेवा तिथे १९२८ पासून आहे आणि काही आठवडे-महिन्यांसाठी दूरच्या ॲबोरिजिनल वस्त्यांत जाणारे डॉक्टर आजही आहेत. पण १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात ॲबोरिजिनल लोकांनी स्वतः चालवलेला दवाखाना सुरू झाला आणि नंतर असे दवाखाने देशभर उभे राहिले. डॉक्टर येतात-जातात, दवाखाना मात्र वस्तीचा राहतो.

उर्दूत ‘अमानत’ असा शब्द आहे. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली, जशीच्या तशी परत करायची वस्तू. मराठीतली ‘अनामत’ तिचीच बहीण. रुग्णाने आपल्या दुखण्याविषयी जे सांगितले, ती डॉक्टरकडची अमानत असते. बदलीचा आदेश आला म्हणून ती सोबत घेऊन जाता येत नाही.

म्हणजे करायचे काय? पहिले दोन महिने भाषेतले शंभर शब्द आणि आशाताईंची ओळख. भूमकाकडे जाणाऱ्या माणसाची टिंगल नाही. उलट भूमकाशीच बोलणे, म्हणजे तोही गंभीर रुग्णाला वेळेवर दवाखान्याकडे पाठवेल. जे रोज करतो, त्यातले जे शिकवता येईल ते नर्स आणि आशाताईंना शिकवणे. आणि शेवटचा महिना हिशेबाचा: कोणत्या पाड्यावर कोण गर्भार, कुणाची क्षयाची गोळी चालू, कुणाला सिकलसेल, कुणाचे मूल वजनाने घटते आहे, हे सारे एका वहीत लिहून नव्या डॉक्टरच्या हाती देणे. जमले तर दोन दिवस थांबून त्याला पाड्यांवर फिरवून आणणे, आशाताईंशी त्याची गाठ घालून देणे.

कोल्हापूरच्या एखाद्या घरातली मुलगी यंदा भामरागडला निघाली असेल, तर घरच्यांनी तिच्या बॅगेत खाऊ जरूर द्यावा. सोबत एक जाड वहीही द्यावी.