हंसराज

(सं. हंसपदी, लॅ. ॲडिअँटम फिलिपेन्स, ॲ. ल्युन्युलेटम, कुल-टेरिडेसी). बागेत लावण्याजोगे एक लहान, देशी ⇨ नेचे. भारतात ते सर्वत्र ओलसर सावलीत, ओढ्यांचे काठ, खडकांच्या फटी व जुन्या विहिरींच्या भिंतींवर पावसाळ्यात उगवते. ग्रीक भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ ‘न भिजणारे’ असा असून पानांवर पाणी ठरत नाही, यावरून प्रजातीचे नाव पडले आहे.

मूलक्षोड आखूड व उभे. देठ काळपट, चकचकीत. पान एकदा विभागलेले व दले अर्धचंद्राकृती असतात. बीजुककोशांचे पुंज दलांच्या मागे वळलेल्या कडांखाली असतात. पानाचा दांडा टोकास लांबतो व जमिनीस टेकल्यावर तेथे मुळे फुटून नवे रोप तयार होते.

केळापूर तालुक्यासारख्या (यवतमाळ जिल्हा) पानझडी सागवनांच्या प्रदेशात उन्हाळी तापमान ४०° से.च्या वर जाते. तेथे या नेच्यास भिंतीच्या उत्तरेची किंवा झाडाखालची सावली द्यावी. काळी माती पावसात चिकट होते व उन्हात तडकते; म्हणून एकटी न वापरता तीत कुजलेला पाला, भरड वाळू व विटांचे तुकडे मिसळतात. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असावे. मूलक्षोडाचा शेंडा मातीत गाडू नये. माती ओलसर ठेवावी, पण पाणी साचू देऊ नये.

कोरड्या ऋतूत पाने वाळतात, तेव्हा रोप मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते. वास्तविक मूलक्षोड जिवंत असते. वाळलेली पाने कापून कुंडी सावलीत ठेवावी व माती पूर्ण सुकू देऊ नये; पावसाळ्याच्या आरंभी नवी पाने फुटतात.

अभिवृद्धीसाठी पानाचे टोक दुसऱ्या कुंडीतील मातीवर खड्याने दाबून ठेवतात व मुळे धरल्यावर ते तोडून वेगळे करतात. बीजुकांपासूनही लागवड होते. परंतु त्यांपासून प्रथम हृदयाकृती पूर्वकायक बनतो व त्यावरील फलनास पाण्याचा पातळ थर लागतो, त्यामुळे या रीतीस वेळ अधिक लागतो.

एका रोपापासून अनेक रोपे मिळत असल्याने रानातून ती उपटण्याचे कारण उरत नाही. केळापूर परिसरातील टिपेश्वर अभयारण्यातून (स्थापना १९९७, क्षेत्रफळ १४८·६३ चौ. किमी.) विनापरवाना वनस्पती काढणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध आहे.