उधारी आपल्या दुकानात, रोख मॉलमध्ये!

‘पे बॅक टू सोसायटी’ हा शब्द चळवळीला नवा नाही. ६ डिसेंबर १९७८ रोजी मान्यवर कांशीराम यांनी बामसेफची स्थापना केली, तेव्हापासून वेळ, बुद्धी आणि पैसा समाजाला परत करा, ही हाक महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेली. त्याच्याही आधी, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकल्या-सवरल्या माणसांबद्दलची आपली वेदना जाहीरपणे बोलून दाखवली होती. तेव्हापासून आपल्या प्रत्येक सभेत, प्रत्येक शिबिरात समाजऋणाचा हिशेब मागितला गेला तो नोकरदारांना. बँकेतला साहेब, रेल्वेतला बाबू, जिल्हा परिषदेचा मास्तर, वीज मंडळातला इंजिनिअर यांच्याकडेच पावतीपुस्तक गेले. ते बरोबरच होते. आरक्षणाने ज्याच्या घरात पहिला पगार आला, त्यानेच पहिला हात पुढे करायचा होता.

परंतु आता त्या नोकऱ्याच किती उरल्या? जागा भरल्या जात नाहीत, भरल्या तर कंत्राटी भरल्या जातात. आमची तरुण पिढी आता कारखान्याच्या गेटवर उभी आहे, नाहीतर स्वतःचे छोटेसे दुकान टाकून बसली आहे. मग समाजाला परत देण्याचा प्रश्न आता दुकानदाराला, कारखानदाराला आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाला विचारायला नको का?

हा प्रश्न बुटीबोरीइतका उघडानागडा दुसरीकडे क्वचितच दिसेल. नागपूरपासून दक्षिणेला तीसेक किलोमीटर. वर्ध्याकडून येणारा आणि हैदराबादकडून हिंगणघाटमार्गे येणारा, असे दोन्ही रस्ते येथे एकत्र होतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चंद्रपूर, यवतमाळ, वर्ध्याची जनता दीक्षाभूमीकडे जाते ती याच रस्त्याने. येथे शेतकऱ्यांच्या जमिनींवर एमआयडीसीची अवाढव्य औद्योगिक वसाहत उभी राहिली. इंडोरामाचा सिंथेटिक धागा येथे निघतो, सिएटचे टायर येथे बनतात, केईसीचे वीजवाहिन्यांचे मनोरे येथे तयार होतात. आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतला माणूस आला, तसा छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेशातलाही आला. ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. पैसा येथे रोज फिरतो. तो फिरून कुठे जातो, एवढेच कोणी विचारत नाही.

प्रथम आपल्याच घरापासून सुरुवात करू. आपला एखादा मुलगा ठेकेदारीला कंटाळून वस्तीच्या तोंडाशी किराणा टाकतो. पाटीवर आडनाव लिहीत नाही. लिहिले तर अर्धे गिऱ्हाईक रस्ता बदलेल, हे त्याला ठाऊक असते. खानावळ किंवा नाश्त्याचा ठेला असेल तर विचारूच नका. स्टेशनरी आणि मोबाईल रिचार्जच्या दुकानात जात आडवी येत नाही, तर्री-पोह्याच्या ताटात मात्र ती लगेच दिसते. ही झाली परक्यांची गोष्ट. आपले लोक काय करतात? महिन्याच्या वीस तारखेनंतर याच दुकानात येतात. “दादा, लिहून ठेव, पगार झाला की देतो.” पगार होतो. त्या दिवशी अख्खे कुटुंब तयार होऊन नागपूरच्या मॉलमध्ये जाते, ट्रॉली भरून रोख मोजते, किंवा घरबसल्या मोबाईलवरून मागवते. दादाची वही तशीच. वर पुन्हा, “आपलाच आहेस ना, दहा रुपये कमी कर” हेही ठरलेलेच. मॉलमध्ये कोणी दहा रुपये कमी करायला सांगत नाही.

दोन वर्षांत त्या दुकानाचे शटर पडते. मग आपणच चौकात उभे राहून म्हणतो, आपल्या लोकांना धंदा जमत नाही!

धंदा कसा जमवला जातो, हे पाहायचे असेल तर कोल्हापूरला गेले पाहिजे. गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली, ती दिलीच. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना भांडवल देऊन चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा छत्रपती स्वतः गिऱ्हाईक झाले. हॉटेलपुढे गाडी थांबवायची, चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजायचा. हुकूम काढून जे झाले नसते ते एका कप चहाने केले. याच राजाने १९२० मध्ये ‘मूकनायक’साठी अडीच हजार रुपये दिले, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. चहाची गोष्ट मात्र गंमत म्हणून सांगतो. माझ्या मते दोन्ही देणग्या एकाच तोलाच्या आहेत. अडीच हजार फक्त राजाच देऊ शकतो. चहा तुम्ही-आम्हीही पिऊ शकतो.

दुकान ही आपल्या इतिहासात साधी जागा नव्हती. बाबासाहेब ज्या समितीचे सदस्य होते त्या स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात गावाच्या बहिष्काराचे वर्णन आहे. अस्पृश्याने हक्क मागितला की शेतातले काम बंद, रस्ता बंद आणि वाण्याचे दुकानही बंद. मीठ-मिरचीवाचून माणसाला गुडघ्यावर आणण्याचे ते शस्त्र होते. म्हणूनच घटनेच्या कलम १५ (२) मध्ये ‘दुकाने’ हा शब्द आला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्या शब्दावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, सेवा देऊ करणारा कोणीही त्यात येतो. म्हणजे आम्हा वकिलांचे टेबलसुद्धा दुकानच! सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदाही २०१७ मध्ये लागू झाला. कायद्याने दुकानाचे दार उघडले. कोणत्या दारातून आत जायचे, हे मात्र गिऱ्हाइकाने ठरवायचे आहे.

अमेरिकेतल्या काळ्या जनतेने हे फार आधी ओळखले. १९३० च्या आसपास शिकागोत त्यांनी मोहीम उघडली की, जिथे आम्हाला नोकरी नाही तिथे आमची खरेदी नाही. वस्ती काळ्यांची, गिऱ्हाईक काळे आणि काउंटरवर सगळे गोरे, हे चालणार नाही. वॉशिंग्टनमधल्या अशाच निदर्शनांचा खटला थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९३८ मध्ये न्यायालयाने निदर्शकांच्या बाजूने कौल दिला. आपल्या बुटीबोरीतल्या मोठ्या शोरूममध्ये, कपड्याच्या दुकानात, खाजगी दवाखान्यात आपल्या वस्तीचे किती पैसे जातात आणि आपल्या वस्तीची किती मुले तिथे कामाला आहेत, हे एकदा मोजायला काय हरकत आहे? भांडायला नको, दगड नको. चार बायांनी मिळून मालकाला सरळ विचारावे. दिवाळीच्या आधी विचारावे, नंतर तो ऐकत नाही.

आता कारखान्यांकडे वळू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने हा विषय मालकाच्या मर्जीतून बाहेर काढला. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, अशी तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. २०२१ मध्ये नियम आणखी आवळले गेले. खर्च न झालेला पैसा खिशात ठेवता येत नाही. चालू प्रकल्पाचा असेल तर स्वतंत्र खात्यात टाकायचा, नसेल तर सरकारी निधीत भरायचा. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलम सांगते. येथे एक मेख आहे. हे प्राधान्य सक्तीचे नाही, असे मंत्रालयाने स्पष्ट केले आहे. म्हणजे धूर बुटीबोरीला आणि शाळा दुसऱ्या जिल्ह्याला, असे कोणी केले तर ते बेकायदा ठरत नाही. अशा वेळी मागणारा जागा नसेल तर पैसा बरोबर दुसरीकडे जातो.

तीच गत स्थानिकांच्या रोजगाराची. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असे राज्याचे धोरण २००८ मध्ये शासन निर्णयाने ठरले. ऐकायला गोड! पण त्यातला ‘स्थानिक’ म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला कोणीही. मुंबईचा माणूसही बुटीबोरीत स्थानिक आणि ज्याच्या बापाची जमीन गेली तोही स्थानिक.

माझ्याकडे येणारी तरुण मुले दान मागायला येत नाहीत. पगारातून पीएफ कापला पण खात्यात भरला नाही, चार ठेकेदार बदलले पण पाच वर्षांत एकही कागद हातात नाही, अशी त्यांची गाऱ्हाणी असतात. अशा कारखान्याने गेटसमोर कमान उभारली, १४ एप्रिलला थंड पाण्याचे पाऊच वाटले, तर त्याला समाजकार्य म्हणायचे का? तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात काळजी घेणे, विशेष गोडधोड आले तर त्यात वाटा देणे आणि वेळेवर सुटी देणे. अडीच हजार वर्षे झाली. पहिले पाच हिशेब चुकते करा, मग कमान बांधा.

देण्यापेक्षा घेण्यानेही कारखाना समाजाचे भले करू शकतो, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. केंद्र सरकारच्या खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी, असे धोरण २०१२ मध्ये आले. नागपुरात वेकोलिचे मुख्यालय आहे, मौद्याला एनटीपीसी आहे. त्यांना ते लागू. खाजगी कंपन्यांवर असे बंधन नाही. पण कॅन्टीनचा भाजीपाला, कामगारांचे गणवेश, पॅकिंगच्या लाकडी पेट्या, कामगारांची ने-आण हे सगळे कुणाकडून तरी घ्यावेच लागते ना? बचत गटाच्या बायांकडून दोन हजार गणवेश शिवून घेतले तर ते दान होत नाही, व्यवहार होतो. बाई मान खाली न घालता चेक घेते. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात डिक्की सुरू केली ती याच दिशेने. तिच्यावर आपल्यातच टीका झाली की दहा-वीस करोडपती झाल्याने वस्तीचे काय भले होणार? टीकेत तथ्य आहे. पण चाळीस दुकाने आणि दहा लहान पुरवठादार उभे राहिले तर वस्तीचे भले होते, हेही तितकेच खरे.

एक कडू गोष्टही येथेच बोलली पाहिजे. कंपनी पैसा द्यायला तयार झाली, तरी घेणार कोण? विहार समिती आहे, पण धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नाही. नोंदणी आहे तर हिशेब तपासणी नाही. कंपनीचा निधी घ्यायचा तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, आयकर खात्याकडील नोंदण्या लागतात, तीन वर्षांच्या कामाची नोंद लागते. आणि आपल्याकडे जयंतीची वर्गणी वहीच्या शेवटच्या पानावर! नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी परवानगीवाचून वर्गणी गोळा करणे सार्वजनिक विश्वस्त कायद्यात बसत नाही, हेही फारसे कुणाला माहीत नाही. दुकानदारांकडून पाचशे-हजार घेऊन फ्लेक्सवर त्यांचे फोटो छापायचे आणि रात्री डीजेवर पैसा उडवायचा. त्या दुकानदाराने पुढच्या वर्षी हात आखडता घेतला तर दोष त्याचा नाही.

आपला वारसा असा नव्हता. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, दोन हजार एकीकडे, हजार दुसरीकडे. व्याजाचा दर दगडावर कोरला. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याजातून भिक्खूंना चीवराचा खर्च द्यायचा. दाता राजाचा जावई, पण पैसा सांभाळणारे विणकर! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांचा हिशेब चोख होता, म्हणून त्यांच्यावर विश्वास टाकला गेला. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. बारा हजार कमावणाऱ्या ठेका कामगाराचा विसावा हिस्सा सहाशे रुपये होतो. भाडे आणि मुलांची फी भागवून तो त्याला जड जातो, हे मान्य. शंभर रुपये तरी? दोनशे घरांनी महिन्याला शंभर दिले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. एका खोलीची अभ्यासिका, वीजबिल, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि संध्याकाळी दार उघडणाऱ्या मुलाचे मानधन एवढ्यात भागते. जाईबाई चौधरी ओझी वाहून जगल्या आणि १९२२ मध्ये याच नागपुरात त्यांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्यामागे कोणत्याही कंपनीचे दोन टक्के नव्हते.

कंपन्यांनी मंजूर केलेले सामाजिक प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करणे नियमाने बंधनकारक आहे. त्यासाठी माहितीचा अर्ज लागत नाही, वकीलही लागत नाही. वस्तीतल्या कोणत्याही पोराच्या मोबाईलवर ते उघडते. पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बुटीबोरीतल्या पाच मोठ्या कंपन्यांची ती पाने उघडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावीत, त्यात आपल्या गावाचे नाव कुठे येते ते पाहावे आणि घरी जाताना दादाच्या दुकानात थांबून मागची उधारी तेवढी मिटवावी.