मोबाईलचा वापर : विद्यार्थ्यांचा विवेक आणि शिक्षकांचे कर्तव्य

बार्शीटाकळी तालुक्यातील खेड्यांतून आज मोबाईल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. कापूस-सोयाबीनचा पैसा बँकेत जमा झाला की नाही, पीक विम्याचा संदेश काय आला, हे वडिलांना वाचून दाखविणारे बहुधा घरातील आठवी-नववीचे मूलच असते. ज्या वयात विवेक अद्याप घडावयाचा आहे, त्याच वयात घराच्या पैशाची व प्रतिष्ठेची किल्ली मुलांच्या हाती आलेली आहे. ती कशी वापरावी हे शिकविणे शिक्षकाचे काम होय.

हे यंत्र मुलांकडून काढूनच घ्यावे, असे पुष्कळांना वाटते. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करणारा ठराव केला. त्यामागील काळजी खरी आहे. तथापि निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज व अभ्यासाचे साहित्य आता याच वाटेने येते. जी वाट बंद करता येत नाही, तिच्यावर जपून चालावयास शिकविले पाहिजे.

पहिला धडा पैशासंबंधीचा. यूपीआयचा गुप्त अंक पैसे देताना लागतो. पैसे मिळण्यासाठी तो कधीही द्यावा लागत नाही, एवढे एक वाक्य मुलांनी पक्के लक्षात ठेवले तरी अनेक घरे वाचतील. ‘पीएम किसान’च्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल उघडू नये, ती उघडून मोबाईलमध्ये बसविली असता मोबाईलवरील संदेश व ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलविली जाते. म्हणून जितके लवकर कळवावे, तितकी ती अडविली जाण्याची शक्यता अधिक.

दुसरा धडा शब्दांसंबंधीचा. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. आपला जिल्हाही यापासून दूर नाही. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील मजकुराच्या निमित्ताने अकोला शहरात दंगल उसळली व एकाचा जीव गेला. बार्शीटाकळीच्या जुन्या हेमाडपंती देवालयात बाराव्या शतकातील शिलालेख आहे. दगडावरील अक्षर पुसता येत नाही, हे जाणूनच कारागीर छिन्नी चालवीत असे. मोबाईलवरील मजकूरही आपण पुसला तरी दुसऱ्याजवळ उरतो. म्हणून पाठविण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : हे खरे आहे काय? ज्याच्याविषयी आहे, त्याच्यासमोर मी हे बोलेन काय? हे पाठविण्याचा मला अधिकार आहे काय?

तिसरा धडा छायाचित्रासंबंधीचा. वर्गभगिनीचे किंवा मित्राचे छायाचित्र न विचारता काढणे व पाठविणे हा त्याचा अवमान होय. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने साध्या छायाचित्रावरून खोटे अश्लील चित्र बनविता येते. बालकाचे असे चित्र बनविणे, तसेच ते पुढे पाठविणे, हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अपराध आहे. ‘गंमत म्हणून केले’ हा त्यावर बचाव नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

यापुढील धडा मात्र आपणा शिक्षकांसाठी आहे. चित्र पसरविण्याची धमकी देऊन छळणारा मनुष्य मुलाच्या मौनावर जगतो. मूल गप्प राहते, कारण त्याला आपल्याच माणसांची भीती वाटते : घरी कळले तर मार बसेल, मोबाईल जाईल आणि मुलगी असल्यास कदाचित शाळाही सुटेल. ही भीती आपणच दूर करू शकतो. मूल सांगावयास आले असता प्रथम ‘सांगितलेस, हे बरे केलेस’ एवढेच म्हणावे. प्रश्नांचा भडिमार करू नये. पुरावा म्हणूनही ते चित्र स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नये. मात्र ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. कारण बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांना देणे पॉक्सो अधिनियम, २०१२ नुसार आपल्यावर बंधनकारक आहे. बालकाची ओळख गुप्त राखण्याची तरतूदही त्याच अधिनियमात आहे, हे मुलास व पालकांस समजावून सांगावे. साह्यासाठी १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे.

१९३० व १०९८ हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावेत, आणि संकटाचे वृत्त सांगणाऱ्या मुलास शिक्षा करू नये, ही विनंती पुढील पालकसभेत आवर्जून करावी. क्रमांक भिंतीवर लिहिणे सोपे आहे. परंतु मूल प्रथम त्या क्रमांकाकडे नव्हे, तर शिक्षकाच्या मुद्रेकडे पाहते.