पोखर्णीत घर घेताना

नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी थंडावल्यास बराच काळ लोटला. परभणीचा कापूस मात्र आजही गाठी बांधून परगावी जातो, आणि आपली मुलेही. निवृत्तीनंतर परतू पाहणाऱ्यांना परभणी-परळी लोहमार्गावरील नृसिंहाचे पोखर्णी खुणावते. परंतु गावठाणातील वाड्याच्या भिंतींआधी कागद पाहावेत. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा करआकारणीचा उतारा होय, मालकीचा पुरावा नव्हे. केवळ त्यावर कर्ज मागणाऱ्यांना बँकेत मला अनेकदा परत पाठवावे लागले. 2020 मध्ये आरंभलेल्या स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीनंतरची मालमत्ता पत्रिका मागावी. एकाही भाऊबंदाची संमती राहिली असेल, तर विसार देऊ नये. खरेदीखत केवळ गृहिणीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.