कुंडींत उगवलेलें अनोळखी रोप

मृगाचा पाऊस पडला कीं आपल्या कुंड्यांतून न पेरलेलीं रोपें डोकें वर काढतात. तुळशीवृंदावनांत पिंपळ उगवतो, गुलाबाच्या बुडाशीं टमाट्याचें रोप दिसूं लागतें. यांत चमत्कार कांहींच नाहीं. कांहीं बीं पक्ष्यांच्या विष्ठेंतून पडतें, कांहीं वाऱ्यावर येतें, आणि पुष्कळसें पंचगंगेकांठच्या मातीबरोबर वा शेणखताबरोबर आपणच घरीं आणतों. अशा पाहुण्याची ओळख कशी पटवावी, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

प्रथम अंकुर पहावा. लांबट, समांतर शिरांचें एकेकच पान वर येत असेल, तर तें बहुधा गवत किंवा मका यांच्या वर्गांतलें. आरंभीं दोन दलें समोरासमोर उघडलीं, तर मिरची-भोपळ्यांच्या वर्गांतलें. नंतर खोड बोटांत धरून फिरवावें. तें चौकोनी असून पानें समोरासमोर व सुवासिक असतील, तर तुळस-पुदिन्याचें कुळ असण्याचा फार संभव. पान खुडतांच पांढरा चीक आला, तर वड, रुई, दुधी यांचा विचार करावा. मात्र तो चीक डोळ्यांस लागूं देऊं नये.

पान चाखून परीक्षा तर कधींही करूं नये. धोतरा हा वांग्याचाच भाऊबंद. कोवळेपणीं दोघांच्या पानांत घोटाळा होणें सोपें, आणि धोतरा मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे.

नांवाचा शेवटचा निर्णय फुलावरून करावा. स्वीडन देशच्या लिनियसनें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत वनस्पतींचे वर्ग पाडले, ते मुख्यत्वें फुलांतील केसर मोजून. म्हणून धीर धरावा, हा सामान्य नियम.

या नियमास एक मोठा अपवाद आहे, तो गाजर गवताचा. हें मूळचें अमेरिका खंडांतील. १९५६ सालीं त्याची पुण्यांतील नोंद प्रसिद्ध झाली, आणि पुढें तें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें अनेकांच्या अंगास खाज सुटून चट्टे उठतात, परागांनीं कित्येकांस दम्याचा त्रास होतो. एकेक झाड हजारों बिया टाकतें. तेव्हां फुलाची वाट पाहिली, तर ओळख पटेल, पण अंगण हातचें जाईल.

हें रोप लहानपणींच ओळखावें. त्याचीं बारीक चिरलेलीं, गाजरासारखीं पानें प्रथम मातीस चिकटून चक्राकार पसरतात. झेंडूचीं पानेंही चिरलेलींच. परंतु तीं उभ्या खोडावर चढत जातात, आणि चुरगळल्यास झेंडूचा उग्र वास येतो. गाजर गवत ठरलें, तर हातांस पिशवी गुंडाळून, फुलण्यापूर्वीं मुळासकट उपटावें.

एवढ्यानेंही उलगडा न झाल्यास फुलासहित एक फांदी वर्तमानपत्राच्या घडींत दाबून वाळवावी, आणि ती कोठें, केव्हां मिळाली हें लिहून जाणत्यास दाखवावी. आपल्या जिल्ह्यांतील वनस्पतींवर डॉ. यादव व डॉ. सरदेसाई यांचा ग्रंथ शिवाजी विद्यापीठानें २००२ सालीं प्रसिद्ध केला आहे. शिक्षकांच्या साह्यानें तो अवश्य चाळावा.

विद्यार्थिमित्रांनो, अनोळखी म्हणून रोप उपटणें जितकें अविचाराचें, तितकेंच सुंदर म्हणून त्यास पाणी घालणेंही. आधीं पहा, मग ठरवा.