तोंडी पक्का, वहीत कच्चा

सकाळी ९.४५
समग्र शिक्षाची फिरती विशेष शिक्षिका म्हणून जुन्नर तालुक्यातल्या काही जिल्हा परिषद शाळा माझ्याकडे आहेत. आजची शाळा नारायणगावापासून जवळच, टोमॅटोच्या मळ्यांमध्ये. तिथल्या गुरुजींचा काल फोन आला होता. “मॅडम, चौथीतलं एक पोरगं आहे. बोलायला वाघ, पण पुस्तक पुढ्यात ठेवलं की गप्प. एकदा येऊन बघाच.” मुलाला काय येत नाही याच्याआधी काय येतं हे सांगणारा शिक्षक भेटला की माझं काम सोपं होतं. स्कूटीच्या डिकीत गोष्टीची पुस्तकं, अक्षरकार्डं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा टाकला आणि निघाले.

१०.३०
परिपाठाच्या वेळी मी मागे उभी राहते आणि कुणाचं बघायला आले आहे हे मुलांना कळू देत नाही. मुलगा प्रार्थना खड्या आवाजात म्हणत होता. आजची बातमी वाचायची पाळी त्याच्या रांगेवर आली, तसा तो पाण्याच्या टाकीकडे गेला आणि बातमी संपल्यावर परत आला. गुरुजी म्हणाले, हे रोजचंच आहे. वाचनाच्या तासाला लघवीची सुट्टी, पेन्सिलीला टोक, नाहीतर पोटदुखी. याला आपण कामचुकारपणा म्हणून मोकळे होतो. पण एकाच कामाच्या वेळी, रोज, ठरल्यासारखं पोट दुखत असेल, तर ते काम त्या मुलाला किती जड जातंय हे आधी बघायला हवं.

११.१५
गुरुजींनी आकडे सांगितले, मुलांनी लिहिले. ‘सत्तेचाळीस’ म्हटल्यावर या मुलाने ७४ लिहिलं. शेजारच्या मुलीनेही तेच लिहिलं होतं, पण तिने लगेच खोडून दुरुस्त केलं. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे अशी उलटापालट लहान वर्गांत सर्रास होते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘चाळीस सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत आणली आणि त्यावरून मोठा वाद झाला, त्यामागे हीच अडचण होती. म्हणून एवढ्या एका चुकीवरून मी काहीच ठरवत नाही. आरशातल्यासारखं उलटं अक्षरही पहिलीतली कितीतरी मुलं काढतात आणि पुढे ते आपोआप सुटतं. ते कुणाचं सुटत नाही, आणि त्याच्या जोडीला आणखी काय काय अडतं, इकडे लक्ष ठेवावं लागतं.

दुपारी १२
कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही दोघंच बसलो. आधी गप्पा. घरी ठिबक आहे म्हणाला. फिल्टर कधी धुवायचा, व्हेंच्युरीतून खत कसं सोडायचं, नळी कुठे तुंबते, सगळं हातवारे करून सांगितलं. क्रेटला दोनशे रुपये भाव धरला तर पंधरा क्रेटचे किती? तीन हजार, माझं वाक्य संपायच्या आत.

मग पुस्तक उघडलं. त्याने पाठ घडाघडा म्हटला. चित्रावर हात ठेवून मी मधलीच ओळ दाखवली, तेव्हा तो थांबला. पाठ कानाने पाठ झाला होता. त्यातलेच शब्द कोऱ्या कागदावर सुटे लिहून दिले, तर पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकायला लागला. ‘घराजवळ’चं ‘घरात’ झालं, ‘पाखरू’चं ‘पाणी’. नंतर मी ‘तळूमा’, ‘बिसाक’ असे अर्थ नसलेले शब्द दिले. असे शब्द आठवणीतून म्हणता येत नाहीत, अक्षर आणि आवाज यांची सांगड घालूनच वाचावे लागतात. तिथे तो पहिल्या अक्षरापुढे सरकलाच नाही.

शेवटी एक वाक्य सांगून लिहायला दिलं, ‘बाबांनी बाजारात टोमॅटो नेले.’ बऱ्याच वेळाने कागद माझ्याकडे आला. त्यावर होतं, ‘बबन बजरत टमट नल’. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार काहीच नाही. खोडरबर घासून घासून एका जागी कागद फाटला होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी धरत नाही, त्या सगळ्यांच्याच होतात. पण चौथीत, रोज शाळेत येणाऱ्या आणि हिशेबात मोठ्यांना मागे टाकणाऱ्या मुलाच्या अक्षरांवर एकही काना चढत नसेल, तर गोष्ट वेगळी असते. तोंडी जे येतं आणि कागदावर जे उतरतं, त्यात एवढी दरी दिसली की मी तपासणीचा विचार सुरू करते. परीक्षेतले गुण मी त्यानंतर बघते.

१.३०
मधली सुट्टी. खिचडी खाताना दुसरीच्या बाईंनी त्यांच्या वर्गातली एक मुलगी दाखवली. “हिचंही नाव घ्या मॅडम, हिला तर अक्षरओळखही नाही.” मुलगी ठाकरवाडीची. घरची बोली वेगळी, आईबापांच्या मागे कामाला गेल्यामुळे वर्षातले कित्येक महिने शाळेत नव्हती. शिकवलंच गेलं नाही ते आलं नाही, याला अक्षमता म्हणता येत नाही. हिला आत्ता तपासणीला पाठवलं, तर शाळेचं अपुरं राहिलेलं काम तिच्या नावावर चिकटेल. बाईंना म्हटलं, सलग शाळेत ठेवू, तिच्या बोलीतल्या शब्दांपासून वाचन घेऊ आणि तिसरीत पुन्हा बघू.

२.१५
मुलाकडे परत. डोळे आणि कान ठीक आहेत ना, हे आधी बघायला हवं. फळ्यावरचं चुकतं आणि पुस्तकातलं नीट येतं, असं असेल तर बऱ्याचदा चष्मा लागलेला असतो. कान वारंवार फुटत असेल तर ‘प’ आणि ‘फ’ यांतला फरक ऐकूच येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळाशाळांत येतं, त्यांच्या नोंदीत या मुलाची नजर आणि श्रवण दोन्ही ठीक आहेत. घरात अलीकडे काही घडलं का, मूल धास्तावलेलं आहे का, हेही विचारून घेतलं. तसं काही नव्हतं.

३.००
गुरुजींनी कपाटातून त्याच्या दुसरीच्या आणि तिसरीच्या वह्या काढल्या. सगळ्यात मोलाचा कागद हाच. तीन वर्षं तीच चूक, त्याच जागी. शिवाय गुरुजींनी जूनपासून शाळा सुटल्यावर त्याला वेगळं बसवलं, बाराखडी वाळूत गिरवून घेतली, जोडाक्षरं कार्डांवर घेतली. बाकीची मागे पडलेली मुलं तेवढ्याने पुढे गेली, हा जागचा फारसा हलला नाही. नीट शिकवूनही, पुरेसा काळ शिकवूनही जे अडलेलं राहतं, तिथे विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शंका घ्यायची. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचं चाचणी-साहित्य तयार केलं आहे, त्यात मराठीतली प्राथमिक पडताळणीही आहे. मराठी मुलाला इंग्रजी शब्दांवर तोलण्यात काही अर्थ नाही. अर्थात शाळेतल्या पडताळणीने शंका बळावते इतकंच. निदान करणं माझं काम नाही आणि गुरुजींचंही नाही.

४.३०
आई शेतातून थेट आली होती. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. “मॅडम, माझ्या पोराला वेडं ठरवणार का तुम्ही?” मी तिला त्याचा क्रेटचा हिशेब सांगितला. म्हटलं, “ताई, डोकं चांगलं आहे त्याचं. वाचायच्या वाटेवर कुठे अडतंय तेवढं डॉक्टरांकडून बघून घ्यायचंय.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ह्याच्या वडिलांनीही सातवीत शाळा सोडली. आजही मोबाइलवरचं वाचून दाखव म्हणून माझ्याकडे देतात.” हे मी नोंदवून घेतलं, कारण ही अडचण घराण्यात उतरू शकते.

पुढे काय होईल ते तिला सगळं सांगितलं. जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ बघतील. मानसशास्त्रज्ञ आधी बुद्ध्यंक काढतील. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यानंतर अध्ययन अक्षमतेची चाचणी होईल. दाखला मिळाला तरी पुढे ठरावीक वयात पुन्हा तपासतात. एका खेपेत काम होत नाही, मजुरी बुडते, हेही लपवलं नाही. अशा मुलांना लवकर ओळखून त्यांच्यापरीने शिकवणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बंधनकारक केलं आहे, तेव्हा आपण कुणाकडे मेहेरबानी मागत नाही, हे मात्र ठासून सांगितलं. दाखला येईपर्यंत गुरुजी काही थांबणार नाहीत. उद्यापासून त्याची उत्तरं तोंडी घेतली जातील, आणि सगळ्या वर्गापुढे मोठ्याने वाचायची सक्ती बंद.

संध्याकाळी ७.३०
घरी फोन वाजला. दहावीतल्या मुलाचे वडील. “मॅडम, फेब्रुवारीच्या आत दाखला मिळेल का? लेखनिक घ्यायचाय.” महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांना १९९६ पासून सवलती आहेत. लेखनिक, जादा वेळ, गणितात कॅल्क्युलेटर. त्या मुलांच्या हक्काच्या आहेत आणि मिळायलाच हव्यात. मुलाच्या जुन्या वह्या घेऊन या म्हणून त्यांना सांगितलं. पण हा मुलगाही कधीतरी चौथीत होता, आणि तेव्हापासून आजवर त्याने ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ एवढंच ऐकलं. दहावीला मिळालेल्या लेखनिकाने ती वर्षं भरून निघत नाहीत.

तुमचं मूल तिसरी-चौथीत असेल, बोलण्यात हुशार असेल आणि वहीत अडत असेल, तर येत्या पालकसभेला त्याच्या मागच्या दोन वर्षांच्या वह्या बरोबर न्या. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वर्गशिक्षकांना विचारा, “तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक आमच्या शाळेत कधी येतात?” आमचं येणं शाळेच्या एका फोनवर ठरतं, आणि पालकांना त्याचा खर्च काही नाही.